परीमागून परी

‘रेनबो मॅजिक’ या मुलांसाठीच्या इंग्रजी परीकथांच्या मालिकेतली तीन पुस्तकं लागोपाठ वाचली की चौथं न उघडताच सांगता येतं. जॅक फ्रॉस्ट नावाचा तिरसट थंडीवाला काहीतरी पळवणार, ते सांभाळायला आपल्या गॉब्लिनांकडे, म्हणजे खोडकर हिरव्या बुटक्यांकडे देणार, रेचल आणि कर्स्टी या दोन मैत्रिणींना एक परी भेटणार, थोडी पळापळ होणार आणि शेवटी वस्तू जागच्या जागी. की लगेच पुढची परी. सात पुस्तकांचा संच, तो संपला की नवा संच. आधी इंद्रधनुष्याच्या रंगांच्या पऱ्या, मग हवामानाच्या, मग पार्टीच्या, मग रत्नांच्या. रुबी ही लाल परी ब्रिटनमध्ये २००३ साली अवतरली आणि तेव्हापासून पुस्तकांचा आकडा दोनशेच्या पलीकडे गेला. केकची परी आहे, धुक्याची आहे, २०११ मध्ये तिकडे राजघराण्यात लग्न निघालं तेव्हा शाही लग्नाचीसुद्धा परी निघाली. कुठलाही मुहूर्त फुकट जाऊ द्यायचा नाही, हे प्रकाशकांचं धोरण.

एवढं सगळं लिहिलं कुणी? मुखपृष्ठावर नाव असतं डेझी मेडोज. या बाई अस्तित्वातच नाहीत. लंडनची वर्किंग पार्टनर्स ही संस्था कथानकं रचते आणि ती वेगवेगळ्या लेखकांकडून लिहून घेते. नरिंदर धामी, लिंडा चॅपमन, स्यू बेंटली, स्यू माँग्रेडियन अशी खऱ्या माणसांची नावं त्या एका टोपणनावामागे आहेत. नॅन्सी ड्रू या हेरगिरी करणाऱ्या मुलीच्या गोष्टी लिहिणारी कॅरोलिन कीनही अशीच अनेकांची मिळून एक होती. मला यात फसवणूक वाटत नाही. पऱ्यांच्या पुस्तकाची लेखिकाच मुळात नसावी, हे फार शोभून दिसतं.

मोठ्यांची तक्रार ठरलेली असते: सगळं एका साच्यातलं आहे. आहेच. वाक्यं साधी, विशेषणं तीच ती, परीच्या कपड्यांचं वर्णन मात्र बारीकसारीक. साहित्य म्हणून मी या पुस्तकांची वकिली करणार नाही. पण नुकतंच स्वतःचं स्वतः वाचू लागलेलं मूल काय करत असतं, ते जरा जवळ बसून बघावं. अक्षरं जुळवणं, ओळ न सुटू देणं, पान उलटेपर्यंत मागच्या पानावरचं ध्यानात ठेवणं, यातच त्याचा अर्धा जीव गुंतलेला असतो. त्यात गोष्टही दर पानावर दगा देऊ लागली तर ते पुस्तक मिटून ठेवतं. इथे तसं होत नाही. वाट ओळखीची, म्हणून चालण्याकडे लक्ष देता येतं. शिवाय पुढे काय होणार हे आधीच कळणं हा आपल्याला पुस्तकाचा दोष वाटतो. सात वर्षांच्या वाचकाला तो स्वतःचा पराक्रम वाटतो. ‘आता गॉब्लिन झुडपामागून येणार बघ,’ असं माझी भाची मला बजावते आणि तो आला की माझ्याकडे अशी बघते, जणू तिनेच त्याला बोलावून घेतलं.

साच्यापेक्षा मला त्यातल्या मैत्रीचं नवल वाटतं. रेचल आणि कर्स्टी पहिल्यांदा भेटतात त्या रेनस्पेल बेटाकडे निघालेल्या बोटीवर, आपापल्या आईवडलांसोबत सुट्टीला जाताना. एक टिपिंग्टनची, दुसरी वेदरबरीची. म्हणजे दोघी एका वर्गात नाहीत, एका गल्लीत नाहीत. भेटतात त्या बहुधा सुट्टीत. बाकावर कुणी कुणाशेजारी बसायचं, वाढदिवसाला कुणाला वगळायचं, हे प्रश्न या मैत्रीत उगवतच नाहीत. आणि तिसरी मैत्रीण कधी येऊन कायमची चिकटत नाही! बालपणीच्या मैत्रीची खरी परीक्षा तिसरीच घेते, हे ज्याला त्याला ठाऊक आहे. इतक्या पुस्तकांत या दोघींचं एकदाही कडाक्याचं वाजत नाही, अबोला नाही, ‘तू माझी मैत्रीण नाहीस जा’ नाही.

मग भांडणं गेली कुठे? ती सगळी गॉब्लिनांच्या खात्यावर जमा केलेली आहेत. ते हिरवे लेकाचे सतत एकमेकांच्या उरावर बसलेले. मी आधी पाहिलं, मला धरू दे, तुझ्यामुळे पडलं, तूच मूर्ख. चोरलेली वस्तू हातात असूनही ती कुणी धरायची यावरून त्यांची जुंपते, आणि तेवढ्यात त्या दोघी डाव साधतात. वर्गातल्या मधल्या सुट्टीतले संवाद हवे असतील तर ते रेचल-कर्स्टीच्या तोंडी नाहीत, गॉब्लिनांच्या तोंडी आहेत. मुलं मोठ्याने वाचतात तेव्हा रंगात येतात तीही याच पानांवर. परीचा आवाज काढताना भाची शिष्ट होते. गॉब्लिन झाली की मोकळी सुटते.

तिचा आणखी एक उद्योग म्हणजे संचात नसलेल्या पऱ्या काढणं. हरवलेल्या मोज्याची परी, तुटक्या शिसाच्या पेन्सिलीची परी, गृहपाठ विसरलेल्यांची परी. मालिकेचा साचा इतका सोपा आहे की तो वाचकाला उचलून नेता येतो. चांगल्या पुस्तकांना हे सहसा जमत नाही, ती आपल्याला नुसतं भारावून सोडतात.

जॅक फ्रॉस्टवरून मात्र आमचं एकदा वाजलं. परीलोकाचे राजाराणी ओबेरॉन आणि टायटानिया, म्हणजे थेट शेक्सपिअरच्या नाटकातून आणलेली खानदानी मंडळी. त्यांच्याकडे उन्हाळ्याचा मोठा नृत्यसोहळा होता आणि जॅक फ्रॉस्टला आमंत्रण नव्हतं. तो भडकला, त्याने सात पऱ्यांना शाप देऊन हाकललं आणि परीलोकाचे रंगच उडाले. इथून सगळी मालिका सुरू होते. तो दुष्ट आहे, त्याला कोण बोलावणार, असं मी म्हटलं. भाचीचं म्हणणं, नाचायला एक माणूस जास्त आला असता तर काय बिघडलं असतं?

काही नाही. फक्त दोनशे पुस्तकं निघाली नसती. हे तिला सांगितल्यावर ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, मग बरं झालं नाही बोलावलं.