मॅडम, त्याचा आकार पाहून काय भेटते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जीवरसायन शिकवते. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पानठेल्यासमोर लोक मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, त्या कॅन्सरच्या प्रोटीनचा आकार पाहून काय भेटते?" विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात तोंडाचा कॅन्सर येऊन गेलेला असतो, म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन निघून जाणं मला बरं वाटत नाही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सगळं नीट लिहिते.

त्या प्रथिनाचं नाव पी-५३. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच जनुकांचं भांडार असतं. त्यातली कोणती जनुकं कुठे आणि कधी चालू व्हायची हे ठरवणारी सुमारे १६०० प्रथिनं माणसात आहेत. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि तिथलं जनुक जागं करतात किंवा थांबवतात. पी-५३ त्यांपैकीच एक, १९७९ मध्ये सापडलेलं. डीएनएला इजा झाली की ते पेशीचं विभाजन थांबवायला लावतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर ती पेशी मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरांत याच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आढळतं. तोंडाच्या कॅन्सरातही सर्वाधिक वेळा बिघडणाऱ्या जनुकांत त्याचं नाव आहे.

पी-५३ म्हणजे ३९३ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या लहान लहान घटकांची, साखळी. १९९० च्या सुमारास जगभरच्या रोग्यांच्या गाठींतून या साखळीतले बिघाड नोंदले जात होते, आणि ते साखळीभर सारखे विखुरलेले नव्हते. बहुतेक मधल्या भागात होते. त्यातही साखळीतल्या काही जागांचे क्रमांक पुन्हा पुन्हा यायचे: १७५, २४५, २४८, २४९, २७३, २८२. देश वेगळे, अवयव वेगळे, क्रमांक तेच. असं का, हे साखळीचा नुसता क्रम वाचून कळण्यासारखं नव्हतं. १७५ आणि २७३ यांच्यात जवळपास शंभर अमिनो आम्लांचं अंतर आहे. त्यांचा एकमेकांशी संबंध काय? साखळी घडी होऊन कशी बसते ते दिसल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

ते १९९४ मध्ये मिळालं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये निकोला पाव्हलेटिच आणि त्यांचे सहकारी युन्जे चो, स्वेतलाना गोरिना आणि फिलिप जेफ्री यांनी साखळीचा ९४ ते ३१२ हा मधला भाग घेतला, त्याला डीएनएचा एक तुकडा दिला आणि दोघांचा मिळून स्फटिक बनवला. पूर्ण प्रथिन घेतलं नाही, कारण त्याची टोकं सैल आणि हलती असतात आणि स्फटिकाला प्रत्येक रेणू सारखाच बसलेला लागतो. त्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, ते कुठे आणि किती तीव्रतेने विखुरतात ते मोजलं, आणि त्यावरून अणूंच्या जागा काढल्या. २.२ अँगस्ट्रॉमपर्यंतचे बारकावे दिसले. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

आमच्या कॉलेजात पी-५३ चे स्फटिक होण्याची सोय नाही. ते प्रथिन नाजूक आहे. त्याचा हा मधला भाग शरीराच्या तापमानाच्या थोडंसंच वर गेलं की उलगडायला लागतो, आणि आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. मुलांना मी अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन देते. मीठ आणि अॅसिटेटचं द्रावण, वर झाकणाला लटकता थेंब, आणि वाट पाहणं. थेंबातलं पाणी हळूहळू उडतं, प्रथिन दाटतं आणि कोपरे असलेले लख्ख खडे तयार होतात. १९६५ मध्ये लंडनला आकार उलगडलेलं पहिलं विकर (एन्झाइम) हेच. सूक्ष्मदर्शकाखाली ते खडे पाहिल्यावर, प्रथिन म्हणजे डाळीच्या पाकिटावरचा आकडा नाही हे मुलांना मी सांगावं लागत नाही.

आता पी-५३ मध्ये काय दिसलं ते. साखळीचेच दोन पापुद्रे एकमेकांवर बसून एक भक्कम सांगाडा होतो. त्या सांगाड्यातून साखळीचे वळसे बाहेर येतात आणि डीएनएला धरतात. त्यातले दोन मोठे वळसे जस्ताचा एकच अणू सांभाळून ठेवतो. २४८ वरचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल डीएनएच्या अरुंद खोबणीत शिरतं. २७३ वरचं आर्जिनिन डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटला धरतं. उरलेले चार, १७५, २४५, २४९ आणि २८२, डीएनएला स्वतः धरत नाहीत. पण धरणाऱ्या वळशांना जागेवर तेच ठेवतात. म्हणजे साखळीवर लांब लांब असलेले हे सगळे क्रमांक घडीत एकाच बाजूला, डीएनएजवळ जमलेले निघाले. रोगी एका खंडात, प्रयोगशाळा दुसऱ्या खंडात, आणि दोन्हींनी दाखवलेली जागा एकच. विज्ञानात मी पाहिलेली याहून सुंदर गोष्ट मला सांगता येणार नाही.

शेतकऱ्याला हे मी वखरावरून सांगते. २७३ बिघडलं म्हणजे पास, वखराचं पातं, मोडली. बाकी वखर शाबूत आहे, पण माती कापली जात नाही. १७५ बिघडलं म्हणजे खोडच, पास जिथे बसते ते लाकूडच, वाकलं. पास कितीही धारदार असो, ती जमिनीला लागणारच नाही. दोघांचा परिणाम सारखाच दिसतो, शेत तसंच राहतं. पण दुरुस्ती सारखी असू शकत नाही, आणि आकार पाहिल्याशिवाय कोणाचं काय मोडलंय हे कळत नाही.

२४९ बद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण तो आपल्या खळ्यापर्यंत येतो. ओलसर राहिलेल्या भुईमुगावर, मक्यावर, सरकीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी धरते आणि अॅफ्लाटॉक्सिन तयार करते. चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात, जिथे हे विष खाण्यातून जास्त जायचं, तिथल्या यकृताच्या कॅन्सरांत नेमका २४९ चा बिघाड वारंवार सापडला. १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शेंगा कडक वाळवूनच भरा, बुरशी लागलेले दाणे निवडून फेका आणि तशी सरकी ढोरांनाही घालू नका, असं मी म्हणते ते या कारणाने.

आणि औषध? २२० वर टायरोसिनच्या जागी सिस्टेइन आलं तर प्रथिनाच्या अंगावर, डीएनएपासून लांब, एक पोकळी तयार होते आणि सांगाडा ढिला पडतो. ही पोकळी स्फटिकांतच दिसली. २००८ मध्ये केंब्रिजच्या अॅलन फर्श्ट यांच्या गटाने तिच्यात बसून सांगाडा सावरणारा एक लहान रेणू शोधला. त्याच पोकळीसाठी घडवलेलं रेझाटापॉप्ट नावाचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आलं आहे. १७५ च्या बिघाडात जस्त नीट धरलं जात नाही, म्हणून ते परत पोचवणाऱ्या रेणूंवर काम चालू आहे. आकार माहीत नसता तर कुठे हात घालायचा हेही कळलं नसतं.

पानठेल्यावर खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटून घेणाऱ्या पोराला मात्र यातलं काहीच लागू नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगते. तंबाखू तर आहेच, पण नुसती सुपारीही कॅन्सर करते; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते २००४ मध्येच स्पष्ट केलं. तोंड कमी उघडायला लागलं असेल तर आजच दाखवायला जा. पाच-दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या गोळीच्या भरवशावर कोणी खर्रा खाऊ नये.

ज्यांच्या घरी आजार आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. नागपूर-मुंबईहून गाठीच्या जनुकांचा रिपोर्ट आला तर त्यात 'टीपी ५३' शोधा. हे पी-५३ च्या जनुकाचं नाव. त्यापुढे अक्षर, आकडा, अक्षर असं लिहिलेलं असतं: पहिलं मूळ अमिनो आम्ल, मग जागा, मग तिथे काय आलं. 'आर २७३ एच' म्हणजे २७३ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. असे रिपोर्ट घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी मोबाईलवर ती जागा दाखवते. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहात '१ टीयूपी' (1TUP) हा क्रमांक टाकला की पाव्हलेटिच यांची ती रचना कोणालाही फुकट फिरवून पाहता येते. उपचार ठरवणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण रिपोर्टवर 'वाय २२० सी' दिसलं, तर त्या बिघाडावरची एखादी चाचणी आपल्या रोग्यासाठी खुली आहे का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.