तुम्ही विचारलंत म्हणून: रीच वाढला, मग विक्री का नाही?

व्यावसायिकांची सोशल मीडियाची कामं मी बघते, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो: "रिपोर्टमध्ये रीच वाढलेला दिसतोय, मग विक्री का वाढत नाही?" विचारणारा बहुधा वैतागलेला असतो आणि त्याचा वैताग रास्त असतो. रिपोर्टसाठी पैसे त्याने मोजलेत, पण त्यातले शब्द त्याला कुणी नीट समजावून दिलेले नसतात. हे शब्द मालकाला कळलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

रीच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या अकाउंट्सपर्यंत पोचली. इम्प्रेशन्स म्हणजे ती एकूण किती वेळा स्क्रीनवर आली. एकाच माणसाला तीनदा दिसली, तर रीच 1 आणि इम्प्रेशन्स 3. इम्प्रेशन्सना रीचने भागलं की फ्रिक्वेन्सी मिळते. जाहिरातीची फ्रिक्वेन्सी चढतेय आणि क्लिक मात्र उतरताहेत, असं दिसलं की लोक तीच ती जाहिरात बघून कंटाळलेत असं बहुतेक वेळा समजावं आणि नवं क्रिएटिव्ह, म्हणजे जाहिरातीचं नवं चित्र, व्हिडिओ किंवा मजकूर, करायला घ्यावं. रीच म्हणजे दारावरून गेलेली माणसं. त्यातली आत किती आली, हे रीच सांगतच नाही.

व्ह्यूचं तर आणखी वेगळं. हा शब्द सगळीकडे एकच, पण मोजमाप ज्याचं त्याचं. यूट्यूब शॉर्ट्सवर 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरला जातो, कमीत कमी किती सेकंद बघायला हवा अशी अट नाही. मेटाच्या (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) जाहिरातींत 3 सेकंदांचे प्ले वेगळे मोजतात आणि थ्रूप्ले वेगळे. थ्रूप्ले म्हणजे व्हिडिओ शेवटपर्यंत किंवा निदान 15 सेकंद चालला. त्यामुळे दोन प्लॅटफॉर्मचे व्ह्यू शेजारी ठेवून "इथे जास्त चालतंय" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा आणि व्ह्यू कसा मोजलाय ते विचारा.

सगळ्यात जास्त गोंधळ एंगेजमेंट रेटचा, म्हणजे पोस्टला मिळालेल्या प्रतिसादाच्या टक्केवारीचा. समजा, एका पोस्टवर लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्ह मिळून 400 झाले. फॉलोअर्स 2,000, रीच 8,000, इम्प्रेशन्स 20,000. आता रेट किती? फॉलोअर्सनी भागलं तर 20 टक्के, रीचने भागलं तर 5 आणि इम्प्रेशन्सनी भागलं तर 2 टक्के. पोस्ट तीच, माणसं तीच. तिन्ही पद्धती वापरात आहेत, तिन्ही बरोबर आहेत. पण एका महिन्यात एक आणि दुसऱ्या महिन्यात दुसरी वापरली, तर त्या तुलनेला काडीचा अर्थ राहत नाही. एजन्सी बदलली की रेट एकदम वाढतो किंवा पडतो, तेव्हा आधी भागाकार कशाने केलाय ते बघा. मला स्वतःला रीचने भागलेला रेट पटतो, कारण ज्यांच्यापर्यंत पोस्ट पोचलीच नाही त्यांचा हिशेब त्यात येत नाही.

तेच उदाहरण पुढे नेऊ. 20,000 इम्प्रेशन्समधून 200 जणांनी लिंकवर क्लिक केलं, तर सीटीआर (क्लिक-थ्रू रेट, म्हणजे क्लिकची टक्केवारी) 1 टक्का. त्या 200 पैकी 6 जणांनी ऑर्डर दिली, तर कन्व्हर्जन रेट 3 टक्के. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत असतं. सीटीआर पडलेला असेल, तर पोस्टमध्ये किंवा ती ज्यांना दाखवली त्या ऑडियन्समध्ये खोट आहे. सीटीआर चांगला आणि कन्व्हर्जन रेट पडलेला असेल, तर पोस्टला हात लावू नका. पेज हळू उघडतंय का, किंमत शोधावी लागतेय का, फॉर्म लांबलचक आहे का, हे स्वतःच्या मोबाईलवर करून बघा. माणूस आलेला असतो, तिथून परत जातो.

आणखी एक शब्द, ॲट्रिब्यूशन: विक्रीचं श्रेय कोणत्या जाहिरातीला द्यायचं. मेटावर तुम्ही सेटिंग बदललं नसेल, तर सहसा क्लिकनंतर 7 दिवसांत किंवा जाहिरात नुसती दिसल्यावर 1 दिवसात झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर लागते. एखादा ग्राहक तसाही येणारच होता आणि आदल्या दिवशी त्याला जाहिरात दिसली, तरी श्रेय तिलाच. म्हणून लिंकना यूटीएम (ग्राहक कुठून आला ते कळावं म्हणून लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा आणि स्वतःच्या ऑर्डरशी आकडे ताडून बघा.

आणि रोआस (रिटर्न ऑन ॲड स्पेंड), म्हणजे जाहिरातखर्चाच्या किती पट विक्री झाली. जाहिरातीवर खर्च केलेल्या 100 मागे 300 ची विक्री झाली, की रोआस 3. ऐकायला छान वाटतं. पण तुमचं मार्जिन 25 टक्के असेल, तर त्या 300 मधून तुमच्या हाती 75 येतात आणि जाहिरातीवर गेलेत 100. म्हणजे प्रत्येक 100 मागे 25 चा तोटा. या मार्जिनवर नुसती बरोबरी साधायलाच रोआस 4 लागतो. 50 टक्के मार्जिनवाल्याला 2 पुरतो. हा बरोबरीचा आकडा एजन्सीला ठाऊक नसतो, तुम्हालाच असतो. तेव्हा पुढच्या मीटिंगला जाताना तो काढून न्या आणि रीचच्या आधी त्याबद्दल बोला.