ग्रामीण बँकेतून वर्कशॉपसाठी कर्ज काढलं, माझा अनुभव

माझं तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कोळपी, पेरणी यंत्राच्या फ्रेम, ट्रॉलीची कामं असं सगळं करतो. आमच्याकडं धंद्याचं गणित असं की मे-जूनमध्ये कामाची झुंबड आणि पैसे हातात येणार सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास, मग मधले चार-पाच महिने अँगल आणि पाइप रोखीनं आणायचे कशातून हाच दरवर्षीचा घोर.

आधी एका मोठ्या बँकेत गेलो होतो. पहिला प्रश्न, तारण काय? शेड वडिलोपार्जित जागेत, सातबारा सामाईक, चुलत्यांच्या सह्या आणायच्या कशा, विषय तिथंच संपला. मग शेजारचा खतवाला म्हणाला, अरे ग्रामीण बँकेत तरी विचार. खरं सांगतो, ग्रामीण बँक म्हणजे पीककर्ज आणि निराधारचे पगार एवढंच मला माहीत होतं.

शाखेत मॅनेजर मॅडम होत्या. त्यांनी बसवून नीट समजावलं की या बँका १९७५ पासून आहेत त्या खेड्यापाड्यातल्या लोकांसाठीच, मालकी ५० टक्के केंद्र सरकारची, ३५ टक्के स्पॉन्सर बँकेची, म्हणजे या बँकेच्या पाठीशी असलेल्या मोठ्या बँकेची, आणि १५ टक्के राज्याची, आणि कर्जातलं ७५ टक्के शेती, लहान उद्योग अशा प्राधान्य क्षेत्राला द्यावंच लागतं. मुद्रा या लहान धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत विनातारण होतं म्हणाल्या. मला एवढा धीर आला की काय सांगू, इतके दिवस कुणाकडं तरी उपकार मागायला निघाल्यासारखं वाटत होतं.

पण अडचण निघाली माझ्याच बाजूनं. माझी सगळी उलाढाल खिशातून खिशात, थोडेफार फोनवर आलेले पैसे ते पण घरच्या सेव्हिंग खात्यात. मॅडम म्हणाल्या, "दादा, तुमचा धंदा आहे हे मला दिसतंय, पण खात्यावर दिसला नाही तर फाइल वर कशी पाठवू?" मग करंट खातं उघडलं, त्याचा क्यूआर दुकानात लावला, प्रत्येक कामाचं बिल फाडायला लागलो आणि सहा महिने थांबलो. हे ज्यांना पुढं कर्ज लागणार आहे त्यांनी आजपासून करा, कळकळीनं सांगतो. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, मी एका एजंटला त्याचे १५०० मोजून बसलो.

सहा महिन्यांनी मॅडम स्वतः वर्कशॉपवर आल्या. वेल्डिंग मशीनचा नंबर लिहून घेतला, अँगलच्या ढिगाकडं बघून विचारलं यातला उधारीचा किती, आणि मग उधारीची वहीच मागितली. अर्धा तास उभ्या उभ्या ती वही चाळली, कोण कधी घेऊन गेला, पैसे कुठल्या महिन्यात जमा झाले. त्या वहीला आजवर बँकेतल्या कुणी हात लावला नव्हता.

मी १० लाखांचं सरळ मशीन कर्ज मागितलं होतं. त्यांनी ते फोडलं, ६ लाख मशीनला टर्म लोन, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचं कर्ज, आणि ४ लाख कॅश क्रेडिट (सीसी), म्हणजे त्या मर्यादेत लागतील तसे काढायचे आणि येतील तसे भरायचे पैसे. म्हणाल्या, सगळं टर्म लोन घेतलं तर ऐन पावसाळ्यात मोठा हप्ता येईल आणि माल आणायला परत सावकाराकडं जाल. सीसीचा हिशोब असा, पुढच्या वर्षीची अंदाजे उलाढाल २० लाख, त्याच्या २५ टक्के म्हणजे ५ लाख खेळतं भांडवल लागतं धरायचं, त्यातले उलाढालीच्या २० टक्के बँक देणार आणि ५ टक्के आपले. व्याज फक्त जेवढे वापरले तेवढ्यावर. मशीन साडेसात लाखांचं होतं, वरचे दीड लाख मी भरले आणि कर्जाचे पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात गेले, माझ्या हातात नाही.

सीसीला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे हातात किती माल आहे त्याचा हिशोब, द्यावं लागतं, ते टाळू नका. माझ्याकडं ६ लाखांचा माल असेल आणि त्यातला १ लाखाचा व्यापाऱ्याच्या उधारीचा असेल तर ५ लाखच धरतात, त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे आपला वाटा, वजा, म्हणजे पावणेचार लाखांपर्यंतच उचलता येतात. पहिल्या महिन्यात मी भंगार पण मोजलं होतं, मॅडमनी शांतपणे खोडून दिलं.

जूनमध्ये सीसी जवळजवळ पूर्ण वापरलं. ऑक्टोबरात सोयाबीन विकलं तसे लोक येऊन क्यूआरवर पैसे टाकायला लागले, आणि दिवाळीनंतर पासबुक भरून घेतलं तेव्हा सीसीची बाकी ४० हजारांवर आली होती. बायकोच्या बांगड्या यंदा घरातच राहिल्या.