आप्पांची कागदं

रविवार, रात्री

आप्पांचं तेरावं झालं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी त्यांच्या कामाच्या पद्धतीचाच विषय. मुंबईत उभा जन्म कंपन्यांची वकिली केली, निवृत्तीनंतर जळगावला आले. पण कागद हातात घेण्याची रीत तीच राहिली.

करार आला की आप्पा आधी व्याख्या वाचायचे, मग थेट करार मोडण्याचं कलम. पैशांचं नंतर. भांडण लागतं ते मोडताना, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. रक्कम आकड्यात आणि अक्षरी जुळवायची, कोरी जागा रेघ मारून बंद करायची, प्रत्येक पानावर सही. कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस 21 पूर्ण दिवसांची. नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. पोस्टाने जाणार असेल तर वर 2 दिवस. नवीन माणूस इथेच चुकतो. इतिवृत्त 30 दिवसांच्या आत वहीत उतरलंच पाहिजे, चिकटवलेला कागद चालत नाही.

रावेरकडच्या केळीच्या शेतीची भावाभावांत वाटणी झाली तेव्हा हीच नजर घरच्या कामी आली. गट नंबर आणि क्षेत्र सगळेच लिहितात. आप्पांनी विहिरीच्या पाण्याची पाळी वारानुसार लिहिली, मोटरचं वीजबिल कुणी भरायचं ते लिहिलं, मागच्या वावराला बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढी वाट नकाशात दाखवून ठेवली. पाणी आणि वाट तोंडी राहिली की पुढची पिढी कोर्टात जाते. धाकट्या भावाला टोकाकडचा तुकडा आला, म्हणून वाटेचं कलम आप्पांनी सगळ्यांत आधी घातलं. मला त्यांचा मोठेपणा तिथे दिसतो.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, हा गैरसमज त्यांनी कितीतरी घरांतून काढला. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. शेअर्सनाही तेच लागू, सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलंय. स्वतःचं मृत्युपत्र त्यांनी दोन साक्षीदारांसमोर केलं, दोघंही वयाने लहान आणि वाट्यात कुठेच नसलेले. साक्षीदार आपल्या आधी गेला तर अक्षर ओळखणारा शोधत बसावं लागतं.

काकूंसाठी वेगळी फाईल आहे: पेन्शन, विमा, लॉकर, कुणाला फोन करायचा. मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत.

उद्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घ्यायच्या. शेताची नोंद तलाठ्याकडे 3 महिन्यांच्या आत कळवायची आहे.