सोलेआच्या १२ मात्रा आणि गोव्यातली फरशी

फ्लामेंको, म्हणजे पायांच्या ठोक्यांचं स्पॅनिश नृत्य, शिकायचं ठरवलं की बहुतेकांची नजर आधी झालरींच्या घागऱ्याकडे आणि हातातल्या पंख्याकडे जाते. पहिला खर्च मात्र जमिनीवर करावा. गोव्यातल्या घरांत, सभागृहांत, शाळांच्या हॉलमध्ये पायाखाली टाइल्स, मार्बल नाहीतर सिमेंटचा कोबा असतो. त्यावर खिळ्यांचे बूट आपटले की आवाज कोरडा येतो आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का नडगीतून गुडघ्यात, तिथून कमरेत चढतो. शिवाय टाइल्सवर चरे पडले की हॉलवाले दुसऱ्यांदा दारात उभं करत नाहीत, ते वेगळंच.

त्यापेक्षा स्वतःची फळी बनवून घ्या. १८ किंवा १९ मिमी जाडीचा, आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्यायचा. ८ बाय ४ फुटांची एक शीट मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, मधोमध कापून घेतली की ४ बाय ४ चे दोन तुकडे होतात; सरावाला एक पुरतो. खाली दोन इंची लाकडी पट्ट्या साधारण फूटभर अंतराने मारायच्या आणि पट्ट्यांच्या तळाला रबर चिकटवायचं. मधल्या पोकळीमुळे ठोका घुमतो आणि फळी किंचित दबून धक्का गिळते. स्क्रूची डोकी लाकडाच्या आत बसली पाहिजेत, नाहीतर बुटाचा खिळा त्यांत अडकतो. वरून चकचकीत पॉलिश नको, पाय सटकतो. कडांना मात्र वॉर्निशचे दोन हात द्याच, कारण पावसाळ्यातली ओल कडेनेच शिरते. स्वस्तातल्या प्लायचे थर गोव्याच्या हवेत लवकर सुटतात. मग एका जागी ठोका बद्द वाजतो, आणि नाचणारा नकळत नेमका तिथेच जास्त जोर लावतो. दुखापती अशाच सुरू होतात.

बुटांच्या चवड्याखाली आणि टाचेवर बारीक खिळे दाटीने ठोकलेले असतात. टाच साधारण ५ ते ६ सेंमी उंच असते. बूट पायाला घट्टच हवा. आत पाय हलला की ठोका उशिरा पडतो. दमट हवेत खिळे गंजतात आणि चामड्यावर बुरशी धरते. सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं. मशीनच्या तेलाचं बोट अधूनमधून खिळ्यांवरून फिरवलं की पुरे.

कथकची तालीम झालेल्यांना पायांची ताकद आयती मिळते, पण सवय आड येते. ततकारात, म्हणजे कथकच्या पायकामात, गुडघे सरळ असतात आणि अख्खा तळवा पडतो. इथे गुडघे सैल, वजन चवड्यावर, पाठ ताठ. अख्खा तळवा पडला तर तो गोल्पे. चवडा पडला तर प्लांता, आणि चवडा टेकलेलाच ठेवून टाच खाली आणली तर ताकोन. तिन्ही आवाज डोळे मिटून वेगळे ओळखू येईपर्यंत वेग वाढवू नये. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून आधी एकेका पायाने प्लांता-ताकोन करा, मग दोन्ही पायांनी आलटून पालटून. डावा पाय हमखास हळू वाजतो. त्याला दुप्पट वेळ द्या.

खरी परीक्षा तालाची. सोलेआ या फ्लामेंकोतल्या प्रकाराच्या १२ मात्रा पाहून आपल्याला एकताल आठवतो आणि गोंधळ तिथेच होतो. एकतालात तिसऱ्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीविना मात्रा, असते. सोलेआत पहिलं वजन, म्हणजे ठोक्याचा जोर, नेमकं तिसऱ्यावर पडतं, मग ६, ८, १० आणि १२ वर. म्हणजे आधी दोनदा तीन-तीनची चाल, मग तीनदा दोन-दोनची. तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) समेवर, पहिल्या मात्रेवर आणायची सवय असलेला नर्तक इथे एकवर येऊन आपटतो. सोलेआत तुकडा बंद होतो तो १० वर. ११ आणि १२ हा श्वास. हे अंगात मुरवायला आधी पाय नकोत, टाळ्याच हव्यात. तळवे खोलगट करून दबकी टाळी, आणि वजनाच्या मात्रांवर थोडा जोर. तबला शिकलेलं कोणी घरात असेल तर त्याला समोर बसवून मधल्या रिकाम्या मात्रा वाजवायला सांगा. बुलेरिया या दुसऱ्या प्रकारात हीच वजनं १२ पासून मोजतात आणि वेग कितीतरी जास्त असतो. तिकडे घाईने वळू नका.

कथकातून फ्लामेंको जन्मला, असं कार्यक्रमांच्या निवेदनात सर्रास ऐकवतात. फ्लामेंको घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या रोमा (जिप्सी) लोकांची भाषा भारतीय कुळातली आहे आणि त्यांची स्पेनमधली नोंद १४२५ पासून मिळते, हे खरं. पण फ्लामेंको आकाराला आलं ते पुढे कित्येक शतकांनी, दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, तिथल्या गाण्याच्या संगतीत. थेट नात्याचा दावा टिकत नाही आणि त्याची गरजही नाही.

गाण्याची संगत हाच मोठा मुद्दा. नर्तक यामादा, म्हणजे इशाऱ्याचा तुकडा, घेऊन गायकाला बोलावतो. गायकाची लेत्रा, म्हणजे गाण्याचं कडवं, सुरू झाली की पायांनी गप्प बसायचं; हात, कंबर आणि साध्या पावलांनी मात्रा धरायच्या, ओळ संपली की छोटं उत्तर द्यायचं. पायांची कारागिरी येते ती पुढे, एस्कोबियात, म्हणजे पायकामाच्या भागात. नवख्यांचं पायकाम गायकाच्या अंगावर चढतं आणि एस्कोबियात लय पळते. दोन्हींचं कारण एकच: कान गाण्याकडे नसतो. गोव्यात गिटार वाजवणारे चांगले मिळतात, त्यांना १२ चा हिशेब शिकवता येतो. गायक मिळणं कठीण. तेव्हा रोज निदान एक लेत्रा नुसती बसून ऐका आणि कुठल्या मात्रेवर ओळ सुटते ते टाळीने धरा.

या कलेत वय आड येत नाही, उलट सोलेआ पिकल्यावरच शोभते. सेव्हियाची मानुएला कारास्को सोलेआसाठीच नावाजली. बार्सेलोनाची ला चाना, जन्म १९४६, उतारवयात खुर्चीवर बसून नुसत्या पायांनी मंच धरत असे. मात्र त्यासाठी गुडघे जपावे लागतात. सरावाआधी वीस मिनिटं घोटे, पोटऱ्या आणि मांड्या मोकळ्या करा. नडगीत टोचलं तर त्या दिवशी पाय बंद, फक्त टाळ्या आणि हात.

पुढे स्पेनला जायचं असेल तर हेरेसचा महोत्सव गाठा. तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो आणि कार्यक्रमांबरोबर नामवंतांचे वर्गही चालतात. पातळी निवडताना एक पायरी खालची घ्या. वर्गात शिक्षक मात्रा मोजून दाखवतीलच असं नाही, ते गिटारवाल्याकडे बघून सुरू करतात. सोलेआ आणि तांगोस, म्हणजे १२ आणि ४ मात्रांचे हे दोन ताल, न मोजता टाळीत येत असतील तरच तिकीट काढा.