तिवोलीतला ब्रेकमन

कोपनहेगनच्या तिवोली बागेत ग्रुपला मोकळा वेळ दिला की टूर मॅनेजरला एरवी निवांत कॉफी मिळते. त्या दिवशी मात्र इगतपुरीच्या नानांनी मला थेट रुत्शेबानेन या जुन्या रोलरकोस्टरसमोर नेऊन उभं केलं. नाना रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर, कसारा घाटात मालगाड्या उतरवलेले. टूरभर जेवणावरून कुरकुर सोडली तर तोंडातून शब्द नाही.

"ताई, गाडीत तो माणूस बसलाय, त्याच्या हातात दांडा आहे. ड्रायव्हर आहे का?"

ड्रायव्हर नव्हे, ब्रेकमन. तिवोली 1843 ची आणि हा लाकडी रोलरकोस्टर 1914 चा. गाडी आधी वर ओढली जाते, पुढे सगळं उतारावर. कुठे किती ब्रेक आवळायचा ते गाडीतल्या माणसाने ठरवायचं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला थॉम्प्सन नावाच्या अमेरिकन माणसाने 1884 साली उभारलेली गाडी तासाला जेमतेम दहा किलोमीटर धावायची, तेव्हा प्रश्नच नव्हता. पुढे उतार वाढले, पण चाकं नुसती रुळावर टेकलेली. वेग जास्त झाला की चढाच्या माथ्यावर गाडी उचलली जाणार! रुळाला खालून धरणारी चाकं अमेरिकेत जॉन मिलरने आणली ती 1919 च्या सुमारास. मग ब्रेकमनची गरज उरली नाही. मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये 1912 च्या गाडीवर तो अजून उभा असतो, पण अशा जागा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

हे सगळं मी नेहमी माइकवरून सांगते आणि लोक मोबाइल बघतात. नानांनी मात्र उलटतपासणीच घेतली. गाडी भरलेली असली तर ब्रेक आधी लावतात का? पावसात काय करतात? मी दुभाषी झाले. तो तरुण ब्रेकमन हसून म्हणाला, जड गाडी जास्त पळते, ओलं असलं की आणखी सांभाळावं लागतं. नानांनी मान डोलावली, "घाटात हेच." मग त्याच्या मागच्या सीटवर बसून ते फेरी मारून आले. उतरले ते परत रांगेत! काकू कपाळावर हात मारून बाकावर बसल्या.

बस अर्धा तास खोळंबली, रेस्टॉरंटवाल्याचे फोनवर फोन. शेवटच्या दिवशी फीडबॅक फॉर्म गोळा केले, त्यात एकच तक्रार होती: कोपनहेगनला जेवण गार मिळालं. खाली सही नानांची.