थिजलेलं रेझिन आणि तापलेला डबा

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि माझ्याकडे हार यायला लागतात. लग्नातले हार रेझिनच्या, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाच्या, फ्रेममध्ये जतन करून द्यायचं काम मी नाशिकला घरीच, मागच्या बंदिस्त गॅलरीत करते. गेल्या डिसेंबरात सिन्नरहून एक काकू लेकीचा हार घेऊन आल्या. लेक जानेवारीत नवऱ्यासोबत परदेशी जाणार होती, फ्रेम आईकडे राहणार होती. हाराच्या पिशवीतून काकूंनी एक घडी घातलेला कागद वेगळा काढला. आत शेवंतीच्या चार पिवळ्या पाकळ्या होत्या.

"हार घालताना गळाल्या. ह्यांनी उचलून शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या. याही बसवता येतील का हो ताई?"

मी हो म्हटलं आणि कागदावर पेनानं 'खालचा उजवा कोपरा' असं लिहून ठेवलं.

आधी फुलांचं सांगते, कारण खरा वेळ तिथे जातो. हार आला त्याच दिवशी दोऱ्यातून सोडवावा लागतो. त्याआधी मी फोटो काढून घेते, म्हणजे कुठलं फूल कुणाशेजारी होतं ते नंतर सापडतं. या हारात गुलाब, निशिगंध आणि पिवळी शेवंती होती. पसरट डब्यात तळाला सिलिका जेलची बारीक पूड, त्यावर फुलं, आणि मग चमच्यानं थोडी थोडी पूड पाकळ्यांच्या आत जाईल अशी सोडायची. एकदम ओतली तर फूल चेपतं. पूड निळी असते, ओल शोषली की गुलाबी पडते. गुलाबी झाली की ती तापवून परत निळी करून घ्यायची. शेवंती लवकर वाळते. गुलाबाचं देठाजवळचं बोंड मात्र आत ओल धरून बसतं, म्हणून मी गुलाब उभे अर्धे कापते. लाल गुलाब वाळल्यावर काळपट मरून होतो आणि निशिगंध थोडा पिवळा पडतोच. हे मी गिऱ्हाइकाला आधीच दाखवून ठेवते.

नऊ दिवस लागले. कानाशी धरून बोट फिरवलं की पापडासारखी कुरकुर ऐकू आली पाहिजे. तशी आली नाही तर फूल परत डब्यात. ओलं राहिलेलं फूल रेझिनच्या आत आठवड्याभरात तपकिरी पडतं, आणि मग काहीही करता येत नाही.

दहाव्या दिवशी ओतायचं ठरवलं. निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. गॅलरीत गेले तर रेझिनची बाटली पांढरट झालेली, तळाला रवाळ साका बसलेला, थंडीत खोबरेल तेल थिजतं तसा. हे मला नवं नव्हतं. रेझिन खराब झालेलं नसतं, त्यात नुसते स्फटिक धरलेले असतात. बाटली कोमट-गरम पाण्यात ठेवून हलवत राहिलं की परत काचेसारखं नितळ होतं. मी पातेल्यात ५० अंशांच्या आसपासचं पाणी घेतलं, बाटली त्यात पाऊण तास ठेवली, दोनदा पाणी बदललं. रेझिन नितळ झालं, पातळही झालं, आणि मला फार बरं वाटलं, कारण पातळ रेझिनमधून बुडबुडे लवकर वर येतात.

आतापर्यंतचं सगळं बरोबर होतं. चूक त्यानंतरची आहे.

साच्याचं माप ३० बाय ४० सेंटिमीटर. पहिला थर १ सेंटिमीटरचा धरला, म्हणजे १२०० घन सेंटिमीटर. रेझिन पाण्यापेक्षा थोडं जड, म्हणून १३०० ग्रॅम. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं प्रमाण माझ्या बाटलीवर वजनानं ३ ला १ होतं. धुऊन खडखडीत वाळवलेला श्रीखंडाचा मोठा डबा काट्यावर ठेवला आणि ९७५ ग्रॅम रेझिन ओतलं. डब्याला बाहेरून हात लावला तर चांगलाच गरम लागला. तो हात तिथेच थांबायला हवा होता. मी त्यात ३२५ ग्रॅम हार्डनर घातला आणि कडा खरडत चार मिनिटं ढवळलं.

ओतायला वळले तर साच्याच्या एका कोपऱ्यातलं सिलिकॉन उकललेलं दिसलं. साचा मी एमडीएफचा, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या फळीचा करते, आतून तपकिरी पॅकिंग टेप लावते, कारण टेपला रेझिन चिकटत नाही, आणि सांध्यांत सिलिकॉन भरते. फट बारीकच होती, पण रेझिन केसाएवढ्या फटीतूनही रात्रभर गळत राहतं. डबा टेबलावर ठेवला आणि फट बुजवायला बसले. टेप शोधली, कापली, दाबली. सात-आठ मिनिटं गेली असतील.

आधी वास आला. तिखट, घशात बसणारा. मागे वळून पाहिलं तर डब्यातून पांढरा धूर निघत होता, आणि मघाशी पाण्यासारखं नितळ असलेलं रेझिन मधाच्या रंगाचं झालं होतं. मी धावत जाऊन डबा उचलला. प्लास्टिक मऊ पडलं होतं, त्यामुळे बोटं बाजूत रुतली आणि चटका ग्लोव्हजमधून थेट आत आला. डबा परत टेबलावर टेकवला तो वाकडाच बसला.

"अहो, घमेलं आणा! कुंड्यांचं घमेलं!" एवढंच मला सुचलं.

ह्यांनी घमेलं आणलं, त्यात तळाला वाळूमिश्रित माती होती. स्वयंपाकघरातल्या सांडशीनं डब्याची कड धरून त्यांनी तो घमेल्यात सरकवला आणि श्वास रोखून घमेलं गच्चीवर नेऊन ठेवलं. थंडी आत येऊ नये म्हणून मी गॅलरीच्या काचा लावून बसले होते, त्या सगळ्या उघडल्या आणि घरातल्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सासूबाई टूथपेस्ट घेऊन आल्या. मी म्हटलं, आई, आत्ता काही लावायचं नाही. ग्लोव्ह उतरवला, अंगठी काढली आणि हात साध्या गार पाण्याच्या नळाखाली धरला, घड्याळ लावून वीस मिनिटं. अंगठ्याच्या मुळाशी आणि दोन बोटांवर फोड आले. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी मलमपट्टी करून दिली. माझ्या तोंडावर एन-९५ मास्क होता, पण तो धुळीचा मास्क. वाफेला तो अडवत नाही, त्यासाठी कार्बनचे डबे लावलेला रेस्पिरेटर लागतो. घसा दोन दिवस खवखवत राहिला.

गच्चीवर डबा तासभर धुमसला. थंड होताना आतून तट्, तट् असे आवाज येत होते. सकाळी पाहिलं तर डब्याच्या आकाराचा पिवळट ठोकळा, आरपार तडे गेलेला, आणि वरचा भाग फेस येऊन गोठल्यासारखा.

त्या रात्री मी बाटलीवरचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचला. वर मोठ्या अक्षरांत काम करायला मिळणारा वेळ होता, ३० मिनिटं. खाली बारीक अक्षरांत त्याची अट होती: १०० ग्रॅम मिश्रण, २५ अंश तापमान. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता तयार होते, त्या उष्णतेनं क्रिया वाढते, आणि वाढलेली क्रिया आणखी उष्णता देते. पातळ पसरलेल्या थरातून ती हवेत निघून जाते. डब्यातल्या गोळ्यातल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की हातातला वेळ निम्मा होतो. माझं तापलेलं मिश्रण ४५ अंशांना धरलं तर ३० मिनिटांची साडेसात झाली, आणि माझं मिश्रण १०० ग्रॅमच्या तेरा पट होतं. असा गोळा भडकला की आतलं तापमान दीडशे अंशांच्या वर सहज जातं. उन्हाळ्यात मी कधी रेझिन तापवलं नव्हतं आणि एका वेळी ३०० ग्रॅमच्या वर कधी कालवलं नव्हतं. त्या दिवशी दोन्ही पहिल्यांदाच एकत्र केलं.

हार वाचला तो केवळ अजून साच्यात मांडला नव्हता म्हणून. फुलं झाकणबंद डब्यात आतल्या खोलीत होती. हे लिहितानाही माझ्या पोटात गोळा येतो. ते तापलेलं रेझिन मी घाईनं ओतलं असतं तर पाकळ्या भाजून निघाल्या असत्या, आणि लग्नातला हार कुणाला दुसऱ्यांदा कुठून आणून द्यायचा?

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला आणि जसं घडलं तसं सांगितलं. दिलेल्या तारखेला फ्रेम होणार नाही हेही सांगितलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, "हात कसा आहे तुमचा?" मी म्हटलं, बरा आहे. "मग पोरगी जायच्या आधी एकदा तिला दाखवता आली तरी पुरे."

हात वापरण्याजोगा व्हायला बारा दिवस गेले. या वेळी रेझिन आदल्या संध्याकाळी तापवून नितळ केलं आणि रात्रभर आतल्या खोलीत निवत ठेवलं. सकाळी बाटलीला स्वयंपाकाचा थर्मामीटर टेकवला: २४ अंश. साचा आधीच पाणसळ लावून पातळीत बसवला, सांधे बॅटरीच्या उजेडात तपासले, फुलं क्रमानं ताटात मांडून ठेवली. हार्डनर उघडला तो हे सगळं झाल्यावर. थर ४ मिलिमीटरचे केले. एका थराला सव्वापाचशे ग्रॅम लागतं, तेही दोन डब्यांत अर्धं अर्धं कालवलं आणि कालवलं की लगेच साच्यात ओतून पसरलं. पहिला थर बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही एवढा आळला, तेव्हा त्यावर गुलाब बसवले. निशिगंधाच्या नळीत हवा अडकते, म्हणून प्रत्येक कळीच्या आत काडीनं रेझिनचा थेंब सोडला. मग वरचा थर. सकाळी एक, संध्याकाळी एक, असे तीन दिवसांत सहा थर झाले. बुडबुड्यांवर हीट गन लांबून, हात हलता ठेवूनच फिरवली. प्रत्येक थराला मी डब्याच्या तळाशी तळहात लावून बघत होते. कोमट, त्याच्या पुढे नाही.

खिशातल्या चार पाकळ्या आधीच सपाट वाळलेल्या होत्या. त्या चौथ्या थरावर ठेवल्या. एक तरंगून सरकली, ती टाचणीनं परत जागेवर आणली आणि रेझिन आळेपर्यंत शेजारी बसून राहिले.

लेकीच्या विमानाच्या पाच दिवस आधी तिघंही फ्रेम घ्यायला आले. काकू आणि लेक हार वरून खाली बघत होत्या, हा गुलाब कुठला, ती शेवंती कुठली असं एकमेकींना सांगत होत्या. काका चष्मा काढून खाली वाकले आणि थेट उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं.

"या माझ्या," ते म्हणाले.